पाच मिनिटांचं औषध

"हिचा श्वास अजून आला नाही," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते माझ्याबद्दल चाललंय हे कळायला मला जरा वेळ लागला.

मला जाग आली होती. पोटात उजवीकडे आग पेटली होती, घशात नळी होती, पापण्यांवर चिकटपट्टी होती. हात उचलायला गेले तर उचलेना. करंगळी हलवून बघितली, तीही हलेना. ओरडावं म्हटलं तर ओरडायलाही श्वास लागतो, आणि तो मला माझा घेता येत नव्हता. डोक्याशी बसून कुणीतरी रबरी पिशवी दाबत होतं. पिशवी दाबली की माझी छाती वर यायची, सोडली की खाली जायची. दाबणाऱ्याला खोकला आला की तेवढा वेळ माझं सगळंच थांबायचं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी माहेरी आले होते. उज्ज्वलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तीन दिवस पोट दुखत होतं, आईनं ओवा दिला, हिंग लावला, आणि चौथ्या दिवशी मी न्हाणीघरातच आडवी झाले. अपेंडिक्स. गावात एक सर्जन होते, पण भूल द्यायला डॉ. मठपती नांदेडहून यायचे, सोमवारी आणि गुरुवारी, पहिल्या एसटीनं, हातात काळी बॅग घेऊन. त्या दिवशी गुरुवार होता. पोरीचं नशीब थोर, असं सगळे म्हणाले.

त्याच दिवशी बस्ता बांधायचा ठरला होता. नवऱ्या मुलाकडचे लोक कापडखरेदीला म्हणून लातूरहून आले, तर आमचं घर दवाखान्यात. मग तेही तिथेच आले. स्वतः नवरा मुलगा दिगंबर, त्याची आई आणि एक काका, असे तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मला स्ट्रेचरवरून आत नेताना डॉ. मठपतींनी त्या बाकासमोरच आप्पांना विचारलं होतं की, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, तुमच्याकडे किंवा हिच्या आईच्या माहेरी. आप्पा म्हणाले, "छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापाचं बोलणं तपासून बघायची आपल्याकडे रीत नाही.

आप्पा म्हणजे देगावकर सर. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि फार छान शिकवायचे. लहानपणी आम्हा दोघींना ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्यायचे आणि चावत राहा म्हणायचे, गिळायचं नाही. मिनिटभरात तुकडा गोड लागायचा. "लाळेत एक विकर असतं," ते सांगायचे, "ते पिठाची साखर करतं. अंगात अशी हजारो विकरं आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. एकानं काम सोडलं तर दुसरं करत नाही." उज्ज्वला तुकडा लगेच गिळून टाकायची आणि गोड लागला म्हणून खोटं सांगायची. आप्पा तिलाच शाबासकी द्यायचे. दोन्ही डोळे सारखेच, असं मात्र येताजाता म्हणायचे.

तर त्या टेबलावर मी जागी होऊन पडले होते आणि डॉ. मठपती आप्पांना आत बोलावून समजावत होते. मला सगळं ऐकू येत होतं, नेहमीपेक्षा जास्तच. ऑपरेशन झालंय, टाके घातलेत, बाकी सगळं नीट आहे, सर्जनसाहेब खालच्या पेशंटकडे गेलेत. पण श्वास येत नाही.

"सर, तुम्ही शास्त्राचे, तुम्हाला लवकर समजेल," ते म्हणाले. "नळी घालताना अंग सैल पडावं म्हणून एक औषध देतो. ते पाच मिनिटांचं औषध आहे. रक्तात एक विकर असतं, ते त्याचे तुकडे करून टाकतं. पाच मिनिटांत माणूस आपला आपण श्वास घ्यायला लागतो. हिला दीड तास झाला. माझा अंदाज, हिचं ते विकर कामच करत नाही. एरवी त्यावाचून काही अडत नाही, म्हणून कुणाला जन्मभर पत्ता लागत नाही. हे औषध अंगात गेलं की मगच कळतं."

आप्पांनी विचारलं, मग आता काय. डॉक्टर म्हणाले, तसंच असेल तर घाबरायचं कारण नाही, पिशवी दाबत बसायचं, तीन-चार तासांत औषध आपोआप उतरेल. पण मेंदूचं काही असेल तर इथे बसून राहणं म्हणजे हातानं जीव घालवणं. मग आत्ताच जीपमध्ये घालून नांदेड गाठायला हवं, अडीच तासांचा खड्ड्यांचा रस्ता, वाटेत नळी निसटली तर संपलंच.

"हे आईबापाकडून येतं," ते म्हणाले. "दोघांकडून. म्हणून पुन्हा विचारतो. नीट आठवा. टेबलावर कुणी गेलंय? कुणाला उशिरा जाग आली? एक नाव सांगा, मी इथेच थांबतो."

आप्पांची पावलं दाराकडे जाऊन परत आली. मग म्हणाले, "नाही. कुणीच नाही."

डॉक्टर नांदेडला ट्रंककॉल लावायला समोरच्या पोस्टात गेले. आधी दवाखान्यातला कंपाउंडर पिशवी दाबत होता, त्याला ऑक्सिजनचं दुसरं नळकांडं आणायला पिटाळलं. पिशवी उज्ज्वलाच्या हातात आली. तिचे हात मला लगेच कळले, कारण त्या हातांत ताल होता. ती मोठ्यानं आकडे मोजत होती, वीस झाले की पुन्हा एकपासून. मधेमधे माझ्याशी बोलायची. एवढ्या माणसांत मला ऐकू येत असेल असं वाटणारी ती एकटीच.

"आक्का, मी आहे," ती म्हणाली. "तू घाबरू नकोस. मी पिशवी सोडणार नाही."

ती रडत होती. तिचं पाणी माझ्या गालावर पडून कानात उतरत होतं आणि कानात भयंकर गुदगुल्या होत होत्या. ते पुसता येईना. मेलेलं बरं, असं मला टाक्यांच्या कळांनी वाटलं नाही, त्या गुदगुल्यांनी वाटलं.

पाऊण तासानं आप्पा तिला म्हणाले, जा, पाणी पिऊन ये, मी धरतो. ती गेली. तेवढ्यात आई आत आली. तिनं दार लावून घेतलेलं मी ऐकलं.

"अहो, सांगा ना डॉक्टरांना," आई कुजबुजत म्हणाली. "इंदूवन्सं अशाच गेल्या."

इंदूआत्या आप्पांची सख्खी बहीण. विषमज्वरानं गेली, असं मी आणि उज्ज्वला लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्या फोटोला हार घालताना आप्पा आम्हाला पाणी उकळून प्यायला सांगायचे.

आप्पा म्हणाले, "हळू बोल. बाहेर सोयरे बसलेत."

"हैदराबादेत भूल दिली आणि उठल्याच नाहीत. माझ्या थोरल्या काकांचंही तसंच झालं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आपण दोघं आते-मामेभावंडं. दोन्हीकडून आलंय म्हणतात डॉक्टर."

"म्हणजे रक्तातच खोट आहे, असं व्हरांड्यात जाऊन सांगू? आठ दिवसांवर लग्न आलंय. ते बस्ता न बांधता परत जातील आणि चार जिल्ह्यांत सांगतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि हिचं काय?"

तेव्हा आप्पांचा हात थांबला. ते विचार करत होते. विचार करताना माणसाचा हात थांबतोच, त्यात त्यांचा काही हेतू नव्हता, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण माझी छाती खाली गेली ती वर आलीच नाही. मी उज्ज्वलासारखे आकडे मोजायला लागले. सात झाले, अकरा झाले. कानांत घणघण व्हायला लागली.

"थोरली उजवून टाकलीय," आप्पा म्हणाले. "तिला दोन लेकरंही झालीत, तिचं व्हायचं ते झालं. धाकटीला असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही."

"अहो, पिशवी," आई म्हणाली, आणि त्यांनी ती दाबली.

मला मॅट्रिकला गावात पहिला नंबर मिळाला होता. पुढे शिकते म्हणाले, तर आप्पांनी मला आईच्या भावाच्या मुलाला देऊन टाकलं. घरचाच मुलगा, हुंडा नाही, चौकशी नाही. तो साखर कारखान्यावर कारकून होता, आणि त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं तेव्हाही काही नव्हतं. मामानं मागितली म्हणून दिली, असं मी समजत होते. आता कळलं की मला घरातल्या घरात का खपवलं. उज्ज्वलाला मात्र बी.ए. होऊ दिलं, बाहेरचा, बँकेतला नवरा बघितला. तिच्यासाठी आप्पांना धोका पत्करायचा होता, आणि तो माझ्या जिवावर पत्करायचा होता.

उज्ज्वला परत आली आणि पुन्हा मोजायला लागली. डॉ. मठपती आले, म्हणाले, लाइन मिळत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाडी एवढी का पळतेय, असं पुटपुटले. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलं की हलवायचं नाही. "ताजं रक्त मिळालं तर देऊ," ते म्हणाले. "निरोगी माणसाच्या रक्तात ते विकर असतं. थोडं जरी हिच्या अंगात गेलं तरी औषध भराभर तुटेल. पण तुम्ही घरचे नकोत, तुमच्यातही हीच उणीव असू शकते. बाहेरच्या कुणाचं हवं."

बाहेरचे म्हणजे बाकावरचे तिघं. आप्पांनी त्यांना एवढंच सांगितलं की रक्त हवंय, आणि दिगंबर लगेच उठला. त्याची आई म्हणाली, लग्न तोंडावर आलंय, अंगात अशक्तपणा येईल. तो म्हणाला, येऊ दे. गट जुळला. शेजारच्या खाटेवर झोपून त्यानं बाटली भरून रक्त दिलं आणि आप्पांना म्हणाला, "काळजी करू नका, या आमच्याही थोरल्या बहीणच आहेत." आप्पांनी त्याचे हात हातात घेतले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, हे सांगायलाच हवं.

रक्त चढायला लागल्यावर साधारण अर्ध्या तासानं माझी करंगळी हलली. ती पहिल्यांदा उज्ज्वलानं पाहिली. मग हनुवटी हलली, मग छाती स्वतःहून फुगली. नळी काढली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डोळ्यांवरची पट्टी सोलली तर समोर उज्ज्वला होती, तिचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं, आणि ती हसत होती. आप्पा मागे उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी डोळे मिटून घेतले, तर ते म्हणाले, दमलीय पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मठपती मुद्दाम एसटीनं मला बघायला आले. गुरुवार नव्हता, सोमवार नव्हता. आई घरी गेली होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "काल तुम्हाला ऐकू येत होतं का? झोपेचं औषध मी दिलं होतं, पण भीत भीत, कमीच दिलं. नाडीवरून मला शंका आली."

मी म्हणाले, नाही, काही आठवत नाही.

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी मला एक चिठ्ठी दिली, मराठीत आणि इंग्रजीत, सही-शिक्क्याची. ही जन्मभर जवळ ठेवा, भूल द्यायची वेळ आली की आधी ही दाखवा, म्हणजे डॉक्टर ते एक औषध टाळतील, बाकी सगळी चालतात. दुसरी तशीच चिठ्ठी होती, तिच्यावर त्यांनी उज्ज्वलाचं नाव घातलं होतं. "सख्ख्या भावंडांत चारात एकाला असू शकतं," ते म्हणाले. "रक्त तपासायला मुंबईला पाठवावं लागतं. लग्नानंतर सवडीनं करा, पण तोवर ही तिच्याकडे असू द्या. सरांना देणार होतो, पण ते काल माझ्यावर जरा नाराज दिसले. तुम्ही द्याल ना?"

मी देते म्हणाले. दोन्ही चिठ्ठ्या उशीखाली ठेवल्या.

आप्पा नाराज का होते, ते मला संध्याकाळपर्यंत कळलं. गावभर झालं होतं की मठपतींनी डोस जास्त दिला. आप्पांनी ते कुणाला ओरडून सांगितलं नव्हतं, बाकावरच्या तिघांना दबक्या आवाजात सांगितलं होतं, एवढं पुरलं. देगावकर सर शास्त्राचे, ते म्हणतात म्हणजे असणारच. ज्या माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर, जागचं न हलवता मला वाचवलं, त्याला पुढे त्या दवाखान्यात कुणी बोलावलं नाही. महिन्याभरात त्यांचं येणं बंद झालं.

दिवेलागणीच्या आधी उज्ज्वला डबा घेऊन आली. मनगटाला हळदीचा लेप होता. मला भात भरवता भरवता तिनं विचारलं, "आक्का, डॉक्टर सकाळी येऊन गेले म्हणे. काय म्हणाले?"

"काही नाही. बघून गेले."

"आक्का, खरं सांग. हे तुझ्यातलंच काही आहे का? असेल तर माझ्यातही असेल ना?"

चिठ्ठी उशीखाली होती. हात घालून काढायची आणि द्यायची, एवढंच काम होतं. लग्न मोडेल या भीतीनं मी ती दिली नाही, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. दिगंबरसारखा मुलगा एका चिठ्ठीनं लग्न मोडणारा नव्हता, हे मला त्या खाटेवरही ठाऊक होतं. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं, आणि मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिच्यासाठी माझा श्वास थांबवला. हिच्या डोक्यावर एक न दिसणारी तलवार लटकली तर लटकू दे. हिलाही काहीतरी पडू दे. तेव्हा ती मरावी असं मला वाटत नव्हतं. तिच्याजवळ जे सगळं होतं, त्यातलं एवढं एक मला माझ्या हातात ठेवायचं होतं.

"माझ्यात काही नाही ग," मी म्हणाले. "डॉक्टरची चूक होती. डोस जास्त पडला."

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचा घास केला.

लग्न थाटात झालं. मी पोटाला पट्टा बांधून पंगतीत वाढलं. तिला ती चिठ्ठी दिवाळीला देईन म्हणाले, मग पहिल्या बाळंतपणाला देईन म्हणाले. बाळंतपण आप्पांच्याच घरी सुखरूप झालं, मुलगा झाला. दर वेळी ती माहेरी आली की मीही जायचे, तिथे ठेवलेल्या माझ्या ट्रंकेतली चिठ्ठी हाताला लागते का बघायचे, आणि ती तिथे आहे म्हणून मला बरं वाटायचं. मग बघणंही सुटलं.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात लातूरहून तार आली. उज्ज्वलाच्या पोटात गाठ होती, ऑपरेशन छोटंच होतं, अर्ध्या तासाचं. त्यांनी तेच पाच मिनिटांचं औषध दिलं. ऑपरेशन आटोपलं, ती जरा हलल्यासारखी वाटली म्हणून घाईनं नळी काढली, आणि श्वास आला नाही. पुन्हा नळी बसेपर्यंत वेळ निघून गेला. माझ्यासारखी ती आतून जागी होती का, मोजत होती का, हे मला माहीत नाही. या एका प्रश्नानं मला गेली छत्तीस वर्षं झोपू दिलेलं नाही.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दिगंबर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर दोन वर्षांचा पोरगा. मला बघून तो म्हणाला, "विमलताई, डॉक्टरनं विचारलं होतं हो. घरात कुणाला भुलीचा त्रास? मी म्हटलं, हिच्या बहिणीला झाला होता, मी तिथेच होतो. तो थबकला, म्हणाला, मग आधी चौकशी करू. तर तीच हसली. म्हणाली, मी आक्काला तेव्हाच विचारलंय. डॉक्टरची चूक होती. आक्का माझ्याशी खोटं बोलायची नाही."

मी खाली वाकले. त्याच्या मांडीवरचं पोर उचलून घेतलं.

तेराव्यानंतर आप्पांनी मला परसात गाठलं. दोन आठवड्यांत म्हातारे झाले होते. कठड्याला धरून उभे राहिले आणि इंदूआत्याचं सगळं सांगितलं, हैदराबादचं, काकांचं, बाकाचं, बस्त्याचं. मला हे सगळं नवीन आहे अशा समजुतीनं सांगत होते. "तिला एका शब्दानं सावध केलं असतं तर ती वाचली असती," ते म्हणाले. "तो शब्द माहीत असलेला घरात मी एकटाच पुरुष होतो. विमल, मी मारलं तिला."

त्यांना माझ्याकडून एक 'नाही' हवं होतं. तो शब्द मलाही माहीत होता आप्पा, असं म्हटलं असतं तर त्यांचं ओझं निम्मं झालं असतं. ट्रंकेतली चिठ्ठी मी आदल्याच दिवशी चुलीत घातली होती.

"हो आप्पा," मी म्हणाले. "तुम्हीच मारलं."

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. शाळेची वाट त्यांनी सोडली, फोटोंना हार घालणं सोडलं, शेवटी शेवटी जेवणही सोडलं. त्यांना मी माझ्याकडेच आणून ठेवलं होतं आणि त्यांचं सगळं केलं. मरायच्या आधी महिनाभर ते रोज संध्याकाळी मला तेच विचारायचे, विमल, मीच ना ग? आणि मी त्यांचं तोंड पुसत रोज हो म्हणायचे.